वसंतकाकांचा सर्व्हर आणि वाडीतलं लग्न

टीव्हीवर नवरी हार घेऊन उभी होती आणि हार काही नवऱ्याच्या गळ्यात पडत नव्हता. स्क्रीनच्या मधोमध पांढरं चक्र फिरत होतं. वसंतकाका रिमोट धरून माझ्याकडे बघत होते.

"आता पडेल," ते म्हणाले.

हार पडला. नवऱ्याने मान वर केली आणि पुन्हा चक्र.

"काल ती मुलगी तलासरीहून आली. दिवसभर बसली. आम्ही दोघांनी मिळून हे चक्रच बघितलं. शेवटी तीच म्हणाली, काका, राहू द्या."

माझं डहाणू रोडला कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीचं दुकान आहे. वाणगावच्या वसंतकाकांना मी लहानपणापासून ओळखते, कारण आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांत खांद्यावर कॅमेरा घेऊन तेच फिरायचे. वाणगावपासून घोलवडपर्यंत आणि आत तलासरीच्या पाड्यांपर्यंत त्यांनी किती मांडव शूट केले असतील, ते त्यांनाही सांगता येणार नाही. धंदा बंद केला तेव्हा त्यांनी सगळ्या कॅसेट एका कॉम्प्युटरमध्ये भरल्या आणि त्याचा मीडिया सर्व्हर केला. म्हणजे घरातलं स्वतःचं छोटं केबल स्टेशनच. व्हिडिओ एका मशीनमध्ये ठेवायचे आणि टीव्हीने वायफायवरून ते मागवून घ्यायचे. काम चांगलं केलं होतं त्यांनी. फक्त मशीन तेव्हाच जुनं होतं आणि आता फारच जुनं झालं होतं.

"कोण मुलगी?" मी विचारलं.

मग त्यांनी सुमनबद्दल सांगितलं. सुमन तलासरीत एका पॅकिंग कंपनीत सुपरवायझर आहे. तिची आई कमळी ती अगदी लहान असताना वारली. आईचा एकही फोटो नाही. त्या काळात त्यांच्या पाड्यावर फोटो काढायला कोण येणार होतं? सुमनच्या वडिलांचे डोळे आता साखरेने खराब होत चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवढं दिसतंय तेवढं टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं परत येणार नाही. आणि वडील एकदा बोलता बोलता म्हणून गेले होते की घोलवडला शेठच्या चिकूवाडीत लग्न होतं तेव्हा तुझी आई तिथे कामाला होती, तिच्यासमोरून कॅमेरेवाला फिरत होता, घरी येऊन हसत सांगत होती. तेवढ्या एका वाक्यावर सुमनने कॅमेरेवाला शोधून काढला.

"तुम्हाला आठवतं ते लग्न?"

"लग्न आठवतं. शेठच्या तीन मुली. पण कुठल्या मुलीचं, ते तिच्या बाबांना आठवत नाही. आणि खरी अडचण वेगळीच आहे." काकांनी रिमोट खाली ठेवला. "आम्ही जी कॅसेट एडिट करून द्यायचो ना, त्यात कामाच्या बायका नसतात. घरच्यांना त्या नको असतात. कापून टाकायच्या. असली तर ती रॉमध्ये असेल."

रॉ म्हणजे न कापलेलं मूळ शूटिंग. बाकीचे शूटर त्याच टेपवर पुढचं लग्न घ्यायचे. काकांनी मात्र बऱ्याच टेप ठेवून दिल्या होत्या आणि नंतर कॉम्प्युटरमध्ये भरल्या होत्या. त्यांवर नाव नव्हतं, गाव नव्हतं. तास न् तास चालणाऱ्या फाइली, आणि त्यातून एक बाई शोधायची. त्यासाठी फाइल भराभर पुढे-मागे नेता यायला हवी. इथे तर सरळ चालवलं तरी हार गळ्यात पडत नव्हता.

"सोमवारी करू," मी म्हटलं.

"पाच हजारांच्या वर नको हं नीता. पोरगा म्हणतो नवीनच घ्या. पण त्याच्या पैशाने घेतलं की मग तो सांगणार काय ठेवायचं आणि काय पुसायचं."

सोमवारी काकांकडे जाऊन मी मशीनचं झाकण काढलं. आत पंख्यावर धुळीचा नमदा बसला होता आणि कोपऱ्यात पालीची अंडी होती. समुद्राची हवा इथल्या सगळ्या मशीनना खाते, पण हे मशीन शिवाय गरमही होत होतं. ब्लोअर मारला, पंखा साफ केला, प्रोसेसरवरची वाळून गेलेली पेस्ट काढून नवीन लावली. मग हार्ड डिस्कवर बोट टेकवून पाहिलं. बारीक टकटक लागत होती.

हार्ड डिस्क म्हणजे आत फिरत्या तबकड्या असतात आणि त्यांवरून एक सुई फिरते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची माहिती स्वतः ठेवते. ती मी वाचली. तबकडीचे काही भाग खराब झाले होते आणि संख्या वाढत होती. म्हणजे डिस्क अजून जिवंत होती, पण भरवसा संपला होता.

मी पिशवीतून माझी दुसरी डिस्क काढली आणि कॉपी लावली.

"मी तुला स्लो आहे म्हणून बोलावलं," काका म्हणाले. "तू कॉपी काय करत बसलीस?"

"काका, ही डिस्क गेली तर फास्ट काय करणार?"

 ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

दुसरी डिस्क एका हॉटेलच्या सीसीटीव्ही रेकॉर्डरमधून निघाली होती. हॉटेलवाल्यांनी मोठी बसवून घेतली आणि ही माझ्याकडे सोडली. मी ती महिनाभर तपासून ठेवली होती. बजेटचं काम असेल तेव्हा असा माल कामाला येतो. फक्त तो कुठून आला आणि किती चालला, हे ग्राहकाला आधी सांगायचं. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "माझा पहिला कॅमेरापण सेकंडहँडच होता."

कॉपी निम्म्यावर आली असेल तेव्हा टेबल हललं. आधी मला वाटलं मालगाडी गेली. मग भिंतीवरची खुंटी वाजली आणि बाहेर शेजारीण म्हणाली, "आला परत." आमच्या तालुक्यांत गेली काही वर्षं जमीन मधूनमधून अशी हलते. लोक अंगणात येतात, थोडा वेळ थांबतात, परत आत जातात. मीही उठले, पण डिस्कला हात लावला नाही. चालू डिस्क उचलणं हे धक्क्यापेक्षा वाईट. काकांनी मात्र दोन्ही हात टेबलाच्या कडांवर दाबून धरले, जणू टेबल पळून जाणार होतं.

धक्का थांबला. कॉपी चालूच होती. त्यानंतर मी दोन्ही डिस्क खाली फरशीवर गोधडीची घडी घालून त्यावर ठेवल्या. संध्याकाळी काम संपलं. काही ठिकाणी जुनी डिस्क अडकली, तिथे पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. एका साखरपुड्याचा शेवट गेला. बाकी सगळं आलं.

दुसऱ्या फेरीत मी एक लहान एसएसडी बसवली. एसएसडीत फिरणारं काही नसतं, म्हणून ती पटकन वाचते. महाग असते, त्यामुळे सगळे व्हिडिओ तिच्यावर ठेवायचे नाहीत. मशीनचा कारभार तिच्यावर, म्हणजे सिस्टिम, याद्या, छोटी चित्रं. आणि अवजड व्हिडिओ साध्या डिस्कवर. शिवाय जुन्या मशीनमधून निघालेली रॅमची पट्टी दुकानात पडून होती, तीही लावली.

मशीन सुरू केलं. पूर्वी ते सुरू होईपर्यंत काका चहा करून यायचे. आता चहा ठेवायच्या आत यादी टीव्हीवर आली आणि वरून खाली सरसर सरकू लागली. काकांनी एक लग्न लावलं. नवरदेव घोड्यावर चढला. चक्र.

काका शांतपणे म्हणाले, "यादी पळतेय. लग्न तिथंच आहे."

मला हे थोडंफार अपेक्षित होतं. मी लॅपटॉपवरून सर्व्हरचा प्रोसेसर किती काम करतोय ते उघडलं. शंभर टक्के. लग्न बंद केलं की खाली, लावलं की लगेच शंभर. म्हणजे डिस्क नाही, रॅम नाही. मशीन दुसरंच काहीतरी काम करत होतं.

काकांचा मुलगा बोईसरला नोकरीला आहे. त्याच वेळी त्याचा फोन आला. काकांनी स्पीकरवर टाकला.

"नीताताई, प्रोसेसर कमी पडतोय ना? मी बाबांना केव्हाचं सांगतोय, नवीन घ्या. नाहीतर सरळ क्लाउडवर टाका."

"प्रोसेसर कमी पडतोय हे बरोबर," मी म्हटलं. "पण त्याला हे काम करायलाच नको आहे."

"कुठलं काम?"

"दुभाष्याचं."

मग काकांना समजेल असं मी सांगितलं. काकांच्या फाइली जुन्या पद्धतीने भरलेल्या होत्या. नवीन टीव्हीला ती भाषा कळत नाही. म्हणून सर्व्हर मध्ये बसून दर सेकंदाला ते चित्र टीव्हीच्या भाषेत करून देतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. तुम्ही पुढचं दाखव म्हटलं, की दुभाषा हातातलं सोडून नवीन जागेवरून पुन्हा सुरुवात करतो. त्यात या फाइलींना अनुक्रमणिका नव्हती. अमुक मिनिट कुठे आहे हे शोधायला त्याला चाचपडत जावं लागायचं. मशीन म्हातारं, त्यामुळे धापा टाकत होतं.

"मग?" मुलाने विचारलं.

"मग एकदाच भाषांतर करून ठेवायचं. पुस्तकासारखं. नंतर दुभाष्याला घरी पाठवायचं. सर्व्हरने फक्त पुस्तक काढून हातात द्यायचं. तेवढं हे मशीन अजून पुष्कळ वर्षं करेल."

"सगळ्या फाइली?"

"सगळ्या हळूहळू. आधी शेठच्या वाडीच्या. आणि मूळ फाइली पुसायच्या नाहीत."

 मग तो म्हणाला, "बरं, करा. बाबांना विचारून करा." काकांना ते आवडलं असावं. ते उठून आत गेले आणि चिकूची बशी घेऊन आले.

एकेक फाइल सुरुवातीपुरती लावून काकांनी शेठच्या वाडीच्या फाइली ओळखून दिल्या. भाषांतराचं काम माझ्या दुकानातल्या मशीनवर लावलं. ते जोरदार आहे आणि रात्री मोकळंच असतं. दरम्यान काकांच्या घरी आणखी एक गोष्ट केली. राउटर पुढच्या खोलीत, सर्व्हर मागच्या खोलीत, मध्ये जाड भिंत आणि तिला टेकून लोखंडी कपाट. वायफाय तिथे पोहोचेपर्यंत दमून जायचं. मी भिंतीच्या कडेने केबल ओढली, एक टोक राउटरला, एक सर्व्हरला. राउटरपासून टीव्हीलाही केबलच दिली. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी अक्कल लागणारा उपाय, पण लोक तो शेवटी करतात.

आणि शेवटचं म्हणजे छोटी चित्रं. तयार झालेल्या फाइलींची दर काही सेकंदांची लहान लहान चित्रं आधीच काढून एसएसडीवर ठेवली. आता रिमोटने पुढे सरकवलं की खाली ती चित्रं पळणार. व्हिडिओ न लावताच कळणार की इथे मांडव आहे, इथे पंगत आहे, इथे मागची विहीर आहे.

काकांनी शेठच्या घरी फोनही केला. लग्न त्यांचं, तेव्हा विचारणं भाग होतं. शेठ आता हयात नाहीत. धाकट्या मुलीने फोन घेतला आणि म्हणाली, "दाखवो ने काका, त्यात विचारायचं काय? मलापण एक कॉपी ठेवा."

रविवारी सुमन आली. चाळिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेले, पायांत कंपनीचे बूट. तिने पहिल्यांदा टीव्हीकडे बघितलंच नाही. मला म्हणाली, "ताई, आजपण अडकलं तरी चालेल. मला दिवसभर सुट्टी आहे."

अडकलं नाही. काकांनी रिमोट तिच्याच हातात दिला. ती बटण दाबेल तसं लग्न पुढे पळायचं, सोडेल तिथे लगेच थांबायचं आणि चालू व्हायचं. थोरल्या मुलीचं लग्न संपलं. मधलीचं अर्धं झालं. काका मध्ये मध्ये सांगत होते, "इथे मी लाइट बदलली, बघ पिवळं झालं," "हा वाढपी नंतर सरपंच झाला." मग वाडीच्या मागची बाजू आली. चुली, पातेली, पत्रावळींचा ढीग. एक तरुण बाई पिवळ्या लुगड्यात, अगदी कॅमेऱ्यासमोर, कपाळावरचा घाम पुसत होती.

सुमनने थांबवलं. बराच वेळ बघितलं. गालाची हाडं, भुवया. तिच्यासारख्याच होत्या.

"हीच असेल," ती म्हणाली.

मी ते चित्र स्वच्छ करून दिलं. दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून प्रिंट नेली.

तीन-चार दिवसांनी तिचा फोन आला. "बाबांनी फोटो डोळ्याजवळ धरला, लांब धरला, उन्हात नेला. म्हणतात डाग दिसतो नुसता. ताई, मी त्यांना घेऊन येऊ का? टीव्ही मोठा आहे."

पुढच्या रविवारी त्या दोघांना घ्यायला मी स्टेशनवर गेले. सुमनचे वडील, लहानूबाबा, उंच होते आणि काठीपेक्षा मुलीच्या खांद्याचा आधार जास्त घेत होते. काकांनी त्यांच्यासाठी खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ठेवली होती की गुडघे स्टँडला लागत होते. मी पिवळ्या लुगड्याची जागा काढून थांबवून ठेवली.

"बाबा, ही बघा," सुमन म्हणाली.

त्यांनी मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. डोळ्यातला पडदा जिथे शाबूत होता तिथून बघायचा प्रयत्न करत होते. "कळत नाय," ते म्हणाले.

"चालू करा," काका मला म्हणाले. "थांबलेलं बघण्यात अर्थ नाही."

मी चालू केलं. पिवळ्या लुगड्यातली बाई उठली, पातेलं उचललं आणि दोन्ही पाय आपटत गेली.

"ही नाय," लहानूबाबा लगेच म्हणाले. "ही जानी. तिची मावसबहीण. ही अशीच धपाधप चालायची."

 प्रिंट सुमनच्या पिशवीत होती, तिच्यावर तिने हात ठेवला.

"अजून आहे बाबा," मी म्हटलं. "बघू या."

आम्ही लग्न चालूच ठेवलं. बायका येत होत्या, जात होत्या. लहानूबाबा प्रत्येकीकडे वाकून बघायचे आणि मान हलवायचे. मग विहिरीची बाजू आली. कॅमेरा दुसऱ्याच कशावर तरी होता, बहुतेक बैलगाडीवर. मागून एक बाई डोक्यावर हंडा घेऊन पाठमोरी चालली होती. इतकी लांब की मी तिच्याकडे बघितलंही नसतं.

लहानूबाबांनी हात वर केला. माझं बोट थांबवायच्या बटणावर गेलं.

"थांबवू नको," ते म्हणाले. "चालू दे."

ती चालत राहिली. डावं पाऊल जरासं बाहेर टाकून, कमरेतून डुलत, पण हंडा स्थिर. वळणावर कुणीतरी हाक मारली असावी. तिने मान वळवली. तोंड थोडा वेळ दिसलं. ती काहीतरी बोलली, हसली आणि मांडवाआड गेली.

"मागं घे."

मी मागे घेतलं. त्याच क्षणी ती पुन्हा विहिरीपाशी होती.

"परत."

परत घेतलं. किती वेळा घेतलं ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी ती तिथूनच निघायची आणि कुठेही अडखळायची नाही. लहानूबाबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि डावं पाऊल फरशीवर जरासं हलत होतं. ते त्यांना माहीत नसावं.

"कमळी," ते शेवटी म्हणाले. एवढंच.

सुमन टीव्हीच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली होती. तिने मला तोंड दिसतं तिथे थांबवायला सांगितलं. गोल चेहरा, बसकं नाक, पुढचा एक दात किंचित वाकडा. तिने खूप वेळ बघितलं.

"मी हिच्यासारखी दिसतच नाही," ती म्हणाली.

"दिसत नाय," लहानूबाबा म्हणाले. "चालतेस तिच्यासारखी. तुझा पाय वाजला की मला रोज तीच आल्यासारखी वाटते."

काका उठून पंखा वाढवायला गेले. पंखा पूर्णच चालू होता.

तेवढा तुकडा मी कापून सुमनच्या मोबाइलवर टाकला आणि पेनड्राइव्हवरही दिला. तिने जानीमावशीची प्रिंट परत केली नाही. म्हणाली, मावशीच्या मुलांकडेही फोटो नाही, त्यांना देते.

आता काकांकडे रविवारी माणसं येतात. पाड्यांवर बातमी जायला वेळ लागत नाही. कुणाचा भाऊ वाढपी होता, कुणाची आजी तांदूळ निवडायला होती. बोईसरचा मुलगा सुट्टीत येऊन टेपना नावं द्यायला लागला आहे. शेजाऱ्याकडून जुनी खुर्ची आणून काकांनी टीव्हीपुढे कायमची ठेवली आहे. रॉ फाइलींचं भाषांतर माझ्या दुकानात अजून चालू आहे. सर्व्हर तोच आहे, प्रोसेसर तोच आहे, आणि कधी तपासलं तर तो दहा टक्क्यांच्या वर काम करताना सापडत नाही. खर्च काकांनी ठरवलेल्या आकड्याच्या आत बसला.

नवीन मशीन घेतलं असतं तरी चक्र थांबलं असतं, हे मी नाकारत नाही. पण बहुतेक म्हातारी मशीन कमजोर नसतात. त्यांच्याकडून भलतंच काम करून घेतलं जात असतं. आणि दुकानात कुणी "मशीन स्लो आहे" म्हणत आलं, तर मी आता रॅम किती, डिस्क कुठली हे नंतर विचारते. आधी विचारते, त्यात शोधताय काय?